दातांवरचे डाग आणि हापशाचे पाणी: एका शोधाची गोष्ट

"डॉक्टर, लेकरू रोज दोनदा दात घासतंय, तरी दात असेच. एखादी चांगली पेस्ट लिहून द्या."

बीड जिल्ह्यात ओपीडी चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य ओळखीचे आहे. मूल आलेले असते तापासाठी किंवा खोकल्यासाठी. औषधाची चिठ्ठी हातात पडली की उठता उठता आई हे विचारते. मुलाला "आ कर बाळा" म्हणावे, तर ते ओठ घट्ट मिटून घेते. मग समजूत काढून पाहिले की पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे दिसतात, काहींच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग. शाळेत पोरे चिडवतात. मुलगी मोठी झाली की पाहुणे बघायला आल्यावर तोंडावर रुमाल धरून हसते. घरचेही तिलाच बोलतात, "नीट घासत नाहीस."

या डागांचा शोध कसा लागला, ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो. ती तीस वर्षे चाललेली शोधाची गोष्ट आहे. तिच्यात एक तरुण दंतवैद्य आहे, एक ॲल्युमिनियमची कंपनी आहे, उंदीर आहेत आणि आपला हापसाही आहे. गोष्ट संपेपर्यंत पेस्टचा प्रश्न मागे पडेल आणि तुम्ही वेगळाच प्रश्न विचाराल, अशी माझी खात्री आहे.

"हे डाग इथल्याच लोकांना का?"

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा नुकताच पदवी घेतलेला दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी आला. गावात जन्मलेल्या बहुतेकांच्या दातांवर तपकिरी डाग पाहून तो चक्रावला. पुस्तकांत या आजाराचे वर्णन सापडेना. गावकऱ्यांकडे कारणांची कमतरता नव्हती. कुणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, कुणी म्हणे दूध खराब, कुणी पाण्यातल्या चुन्याला दोष देई. आपल्याकडेही 'उष्णतेने', 'कॅल्शियम कमी म्हणून', 'चॉकलेटने' अशी कारणे ऐकू येतातच.

मॅकेने नामवंत दंतशास्त्रज्ञ डॉ. जी. व्ही. ब्लॅक यांना गळ घातली. १९०९ मध्ये ब्लॅक गावात आले आणि १९१५ मध्ये निधन होईपर्यंत या कोड्यावर काम करत राहिले. तपासणीत त्या गावी जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग निघाले. त्या दोघांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी टिपून ठेवल्या. पहिली म्हणजे, मोठेपणी गावात राहायला आलेल्यांच्या दातांना काहीच होत नव्हते. डाग फक्त लहानपण तिथे गेलेल्यांना होते. दुसरी म्हणजे, डागाळलेले हे दात किडत मात्र कमी होते.

पहिल्या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्या. डाग बाहेरून चिकटत असते, तर नंतर आलेल्यांनाही चिकटले असते. म्हणजे दात हिरडीच्या आत घडत असतानाच काहीतरी बिघडत होते. मॅकेचा संशय पाण्यावर गेला. पण पाण्याची तेव्हाची नेहमीची तपासणी करून काहीच वावगे सापडेना.

१९२३ मध्ये त्याला आयडाहो राज्यातल्या ओकली गावातून बोलावणे आले. तिथल्या आयांच्या लक्षात आले होते की, पाच मैलांवरच्या ऊन पाण्याच्या झऱ्यावरून गावाला नळ आल्यानंतरच मुलांचे दात डागाळू लागले. मॅकेने सांगितले, ते पाणी सोडा. गावाने सोडले आणि दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेतले. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ उगवू लागले. पाण्यात काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पण गावाने पाणी बदलले आणि पुढची पिढी वाचली.

ॲल्युमिनियम कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ

पुढचा धागा आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साईट या गावात मिळाला. गाव ॲल्युमिनियम कंपनीचे. तिथल्या मुलांचे दात डागाळलेले, पण पाच मैलांवरच्या गावातली मुले ठणठणीत. त्या काळी ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे विषबाधा होते अशी ओरड चालू होती. हा आळही आपल्यावर येईल, या धास्तीने कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी गावाचे पाणी अधिक बारकाईने तपासायला लावले. उत्तर आले फ्लोराईड, लिटरमागे १३ मिलिग्रॅमहून जास्त! त्यांचा विश्वास बसेना. पाण्याचा नमुना नव्याने मागवून पुन्हा तपासणी केली, तरी उत्तर तेच. १९३१ मध्ये त्यांनी मॅकेला पत्र लिहिले आणि डाग असलेल्या इतर गावांचे पाणीही मागवले. त्या सगळ्या पाण्यांत फ्लोराईड जास्त निघाले.

मॅकेचे कोडे सुटायला तीस वर्षे लागली. तीस वर्षांत जन्मलेल्या किती मुलांनी तोंड झाकून हसायची सवय लावून घेतली असेल, याचा विचार करा.

उंदरांनी दिलेली साक्ष

पाण्यात फ्लोराईड आहे आणि मुलांना डाग आहेत, एवढ्यावरून फ्लोराईडमुळेच डाग पडतात हे सिद्ध होत नाही. ती साक्ष उंदरांनी दिली. त्याच १९३१ साली ॲरिझोना विद्यापीठात मार्गारेट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्या गावात मुलांचे दात डागाळत होते तिथले पाणी आटवून घट्ट केले आणि ते उंदरांना पाजले. उंदरांच्या दातांचा रंग आणि चकाकी बिघडली. मग दुसऱ्या उंदरांना नुसते फ्लोराईडचे क्षार दिले. त्यांचेही दात तसेच झाले.

इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. पाणी आटवले की फ्लोराईड उडून जात नाही, उलट दाट होते. म्हणून "आम्ही पाणी उकळूनच देतो" हे जुलाब-काविळीसाठी उत्तम, पण फ्लोराईडवर उपाय नाही.

उंदीरच का निवडले? कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. म्हणूनच तो सतत काहीतरी कुरतडतो. त्याच्या एकाच दातात मुळाकडे नुकतेच घडू लागलेले कवच आणि टोकाकडे पक्के झालेले कवच, असे सगळे टप्पे एकाच वेळी पाहायला मिळतात.

यानंतर अमेरिकी सरकारी आरोग्य खात्याचे डॉ. ट्रेंडली डीन यांनी गावोगाव फिरून मुलांचे दात आणि पाणी यांचा मेळ घातला. लिटरला सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असेल तर दात किडणे कमी होते आणि ठळक डाग सहसा पडत नाहीत, त्यापुढे डाग वाढत जातात, हे त्यांच्या कामातून पुढे आले. आपल्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते.

भारतात, आणि आपल्या मराठवाड्यात

भारतात हा आजार वैद्यकीय नोंदीत आला तो १९३७ मध्ये. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी या तीन संशोधकांना दातांच्या डागांबरोबर पाठ आणि सांधे ताठरलेले रुग्ण आढळले. पाण्यात फ्लोराईड होते. यातले डॉ. चिंतामण गोविंद पंडित पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. दातांपासून सुरू झालेला हा आजार हाडांपर्यंत जातो, हे त्यामुळे आपल्याकडे लवकर कळले होते.

आता मराठवाड्याकडे येऊ. आपली आजी-आजोबांची पिढी आड, बारव आणि नदीतल्या झऱ्याचे पाणी प्यायली. हे पाणी वरच्या थरातले. त्यात फ्लोराईड सहसा कमी, पण जंतू भरपूर. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायातून नारू निघायचा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, काडीवर गुंडाळत गुंडाळत काढलेला नारू त्यांना आठवत असेल.

मग बोअर आला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शेजारच्या जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने यंत्राने कठीण खडकात बोअर घेण्याचे काम सुरू केले. बिडाचे हातपंप सारखे मोडत, म्हणून तिथे पोलादाचा दणकट पंप घडवला गेला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्या सोलापूर पंपावरून पुढे देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आपल्या गावच्या पारावर जो हापसा दिसतो, तो हाच. त्याचा पूर्वज जालना-सोलापूरचा आहे.

१९७२ च्या दुष्काळाने बोअरचे महत्त्व सगळ्यांना पटले. हापशाने असंख्य जीव वाचवले, हे आधी मान्य केले पाहिजे. पटकी, हगवण कमी झाली. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात सुरक्षित पाण्याचा मोठा वाटा होता. पण खोल खडकात वर्षानुवर्षे साठलेले पाणी खडकातले क्षार विरघळवून घेते. काही ठिकाणी त्यात फ्लोराईडही असते. दुष्काळ पडला की आपण आणखी खोल जातो. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते.

बीड जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त सापडलेले आहे. सगळ्या गावांत नाही, आणि एकाच गावातल्या सगळ्या बोअरमध्येही नाही. दोनशे पावलांवरच्या दोन हापशांचे पाणी वेगळे असू शकते. म्हणून "शेजारच्या वाडीवरचे पाणी चांगले निघाले" यावर विसंबू नका.

दात घडताना नेमके काय बिघडते?

हे कळायला विज्ञानाला आणखी सत्तर वर्षे लागली. पुन्हा मदतीला धावून आला तो उंदीरच, पण या वेळी जनुके बदललेला.

दाताचे वरचे चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. शरीरातली ही सर्वांत कठीण वस्तू. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. ती घडते कशी? आपल्याकडे स्लॅब टाकतात ते आठवा. आधी सेंट्रिंग लावतात, काँक्रीट ओततात आणि ते पक्के झाल्यावर सेंट्रिंग काढून घेतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचे असे सेंट्रिंग उभारतात, त्यात मुख्य असते अमेलोजेनिन. त्या आधाराने खनिजाचे स्फटिक वाढतात. मग दोन विकरे, म्हणजे एन्झाइम, ते प्रथिन कापून साफ करतात. एमएमपी-२० सुरुवातीला आणि केएलके-४ शेवटच्या टप्प्यात. रिकाम्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होतात आणि कवच टणक बनते.

एखादे जनुक बंद करून उंदीर जन्माला घालण्याचे तंत्र १९८० च्या दशकात विकसित झाले. त्यासाठी २००७ मध्ये कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००१ मध्ये अमेलोजेनिनचे जनुक बंद केलेल्या उंदरांचे वर्णन आले: दात खडूसारखे पांढरे, कवच अगदी पातळ. २००२ मध्ये एमएमपी-२० नसलेले उंदीर आले. त्यांचेही कवच पातळ आणि सहज निघून येणारे. २००९ मध्ये केएलके-४ नसलेले उंदीर पाहिले तर कवचाची जाडी पुरेशी होती, पण ते मऊ राहिले होते. आतले प्रथिन साफच झाले नव्हते, सेंट्रिंग आतच अडकले होते.

फ्लोराईड जास्त असते तेव्हा साधारण असेच घडते. प्रथिन साफ होण्याचे काम रेंगाळते, कवचाच्या आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यामुळे दात उगवतो तो पांढरट, निस्तेज. नंतर त्या पोकळ्यांत बाहेरचा रंग मुरतो आणि डाग तपकिरी होतो. दात तोंडात येईपर्यंत कवच घडवणाऱ्या पेशी संपून गेलेल्या असतात. म्हणून ते कवच शरीराला पुन्हा दुरुस्त करता येत नाही, आणि कितीही घासले तरी डाग जात नाही.

उंदरांनी आणखी एक कोडे सोडवायला मदत केली. आया विचारतात, "एकाच हापशाचे पाणी, मग थोरल्याचे दात खराब आणि धाकटीचे बरे, असे का?" २००२ मध्ये उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांना सारखेच फ्लोराईड दिले, तेव्हा एका वाणाचे दात लवकर आणि जास्त बिघडले, दुसऱ्याच्या दातांवर फारच कमी परिणाम झाला. माणसांतही अनुवंशाचा असा वाटा असावा असे दिसते. शिवाय त्या दोन मुलांच्या लहानपणी पाणी तरी एकच होते का, हेही पाहावे लागते. एक लक्षात ठेवा: किती नुकसान होईल हे काही अंशी अनुवंश ठरवतो, पण फ्लोराईड येते ते मुख्यतः पाण्यातूनच. आणि बदलता येते तेही पाणीच.

प्रत्येक डाग फ्लोराईडचा नसतो

मिश्री आणि गुटख्याचे डाग हिरडीजवळ साचतात आणि दंतवैद्याने साफ केले की बरेचसे निघतात. एकाच दातावर डाग असेल तर दुधाच्या दाताला झालेली इजा किंवा पू झाल्याचा इतिहास शोधावा लागतो. पाणी चांगले असूनही घरात पिढ्यान्पिढ्या सगळे दात पिवळे, पातळ कवचाचे असतील, तर कवच घडवणाऱ्या जनुकांतला जन्मजात दोष असू शकतो. तो दुर्मिळ आहे. फ्लोरोसिसचे डाग बहुधा डाव्या-उजव्या बाजूच्या दातांवर सारखे असतात, आडवे असतात आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या इतर मुलांतही दिसतात.

आता तुम्ही काय कराल?

मॅकेने लोकांना "दात कसे घासता?" असे विचारले नाही. "लहानपणी पाणी कुठले प्यालात?" असे विचारले. मीही तेच विचारतो. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा अवघड आहे, कारण कित्येक कुटुंबे सहा-सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर असतात. मूल दोन-तीन वर्षांचे असताना फडावर होते की गावी आजीजवळ, टँकरचे पाणी होते की बोअरचे, हे आठवून सांगा.

१. पाणी तपासून घ्या. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या. हापसा किंवा मोटर काही मिनिटे चालू द्या, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळा, मग भरा. बाटलीवर गाव, ठिकाण आणि तारीख लिहा. ग्रामपंचायतीला सांगून हा नमुना सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या आणि "फ्लोराईड किती?" असे स्पष्ट विचारा. जंतूंच्या तपासणीत फ्लोराईड कळत नाही.

२. पहिली आठ वर्षे जपा. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचे कवच साधारण आठ वर्षांपर्यंत घडते. समोरच्या दातांसाठी पहिली तीन-चार वर्षे सर्वांत नाजूक. पाणी जास्त फ्लोराईडचे निघाले आणि सगळ्या घराला पुरेल इतके चांगले पाणी मिळत नसेल, तर निदान लहान मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला प्यायला व स्वयंपाकाला चांगले पाणी ठेवा. अंघोळ-कपड्यांना बोअरचे पाणी चालते.

३. चुकीच्या उपायांवर विसंबू नका. उकळणे, कापडाने गाळणे, कँडलचा फिल्टर, यूव्ही यंत्र यांनी फ्लोराईड जात नाही. घरी तुरटी फिरवणेही पुरेसे नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढण्याची नलगोंडा पद्धत विकसित केली, पण त्यात माप अचूक लागते. आरओने फ्लोराईड कमी होते, मात्र यंत्राची देखभाल हवी. जारचे पाणी घेत असाल तर तेही तपासा. पावसाचे साठवलेले पाणी आणि वरच्या थरातली विहीर नीट शुद्ध केली तर चांगला पर्याय आहे.

४. लहान मुलांना चहा नको. चहाच्या पानात मुळातच फ्लोराईड असते. त्याऐवजी दूध, डाळ, पालेभाज्या, चिंच-आवळा-पेरू द्या. चांगल्या आहाराने शरीराची बाजू बळकट होते.

५. पेस्टला घाबरून दात घासणे सोडू नका. तीन वर्षांच्या आतील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. गिळू नये, थुंकायला शिकवावे.

६. असलेल्या डागांवर उपाय आहेत. विटेचा चुरा, राखुंडी, कोळसा यांनी घासून कवच झिजवू नका. दंतवैद्य वरचा थर हलका घासून, ब्लीचिंग करून किंवा दातावर पातळ थर चढवून डाग झाकू शकतात.

आणखी एक इशारा. मोठेपणी या गावात आलेल्या सुनेचे दात स्वच्छ असतील, कारण तिचे दात माहेरच्या पाण्यावर घडले. पण खूप वर्षे जास्त फ्लोराईड पोटात गेले तर दातांवर डाग नसले तरी हाडांना त्रास होऊ शकतो: मान-पाठ आखडते, खाली वाकता येत नाही, सांधे दुखतात. म्हणून गावातल्या लेकरांच्या दातांवर डाग दिसले, तर मोठ्यांच्या कंबरदुखीचीही एकदा या अंगाने चौकशी व्हायला हवी.

ओकलीतल्या आयांकडे प्रयोगशाळा नव्हती. नळ आल्यावर दात बदलले, एवढे त्यांच्या नजरेला आले आणि त्यांनी पाणी बदलून घेतले. आज आपल्याकडे तपासणीची सोय आहे. या लेखाच्या शेवटी तुमच्याकडून एकच हवे आहे: मुलाला "घासत नाहीस" म्हणून बोलणे आजपासून थांबवा आणि या आठवड्यात तुमच्या हापशाच्या पाण्याची बाटली भरून तपासायला द्या. अहवाल आला की तो घेऊन या, आपण बसून वाचू.